राजीनाम्याची तारीख नको, आकडा ठरव

*ताई,*

*मी ३२ वर्षांची. हिंजवडीतल्या एका कंपनीत नऊ वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. २०२० च्या लॉकडाउनमध्ये सुलेखन शिकायला घेतलं, ते सुटलंच नाही. लग्नपत्रिका, दारावरच्या पाट्या आणि एका पुस्तकाचं मुखपृष्ठ, एवढी कामं झाली. इन्स्टाग्रामवर ११ हजार लोक आहेत. मुखपृष्ठाचे २,५०० रुपये मिळाले, त्यासाठी चार वेळा बदल करून दिले. मध्यंतरी एका आजोबांच्या दारासाठी 'कुळकर्णी' अशी पाटी करायची होती. त्यातला ळ मनासारखा येईना. तीन आठवडे रोज रात्री मुलगी झोपली की नुसता ळ काढत बसायचे. पाटीचे १,२०० मिळाले. पण पाटी लागली त्या दिवशी आजोबा त्या ळ वरून बोट फिरवत उभे होते, ते काही डोळ्यांपुढून जात नाही.*

*येत्या गुढीपाडव्याला राजीनामा द्यायचं मनात आहे. घराचा हप्ता चालू आहे, मुलगी चार वर्षांची आहे. नवरा म्हणतो, "कर, पण आधी हिशोब दाखव." बाबा म्हणतात, "अक्षरांवर घर चालत नाही." सासूबाई काहीच बोलत नाहीत, त्याची जास्त भीती वाटते. मला माझ्या अटींवर काम करायचंय. पण आवडीचं काम पोटाला जुंपलं की आवड मरते, असंही सगळे सांगतात. काय करू?*

*– एक वाचक, चिंचवड*

तू 'ताई' म्हटलंस, म्हणून मीही 'तू'च म्हणते.

पत्र राजीनाम्याबद्दल आहे हे कळलं, पण माझा जीव अडकला तो त्या ळ मध्ये. मी तीसेक वर्षं मुखपृष्ठांची आणि शीर्षकांची अक्षरं काढते आहे, त्यामुळे 'कुळकर्णी' हा शब्द किती अवघड आहे ते मला ठाऊक आहे. क ला मधोमध दंड, णी ला शेवटी दोन दंड. ही अक्षरं पाय रोवून उभी राहतात. ळ ला टेकायला दंडच नाही. शिरोरेघेला एका लहानशा देठाने तो लोंबकळतो आणि खाली दोन्ही अंगांना दोन वाट्या. शेजारच्या कु चा उकार नजर खाली ओढतो, शेवटचा रफार ती वर नेतो. मधला ळ बारीक काढला तर पाटीला भोक पडल्यासारखं दिसतं, ठसठशीत काढला तर वाट्यांतली पांढरी जागा बुजते. शिवाय देवनागरीच्या निबच्या टोकाची तिरपी छाट रोमनच्या उलटी. बाजारातली साधी रोमन निब घेऊन बसलं की जाड तिथे बारीक आणि बारीक तिथे जाड, असं सगळं फिरतं.

त्या वाट्यांतल्या पांढऱ्या जागेसाठी तू तीन आठवडे जागलीस. कुणी मागितलं नव्हतं. आजोबांना पहिल्या दिवशीचा ळ सुद्धा चालला असता. म्हणून 'माझ्यात ते आहे का' हा प्रश्न मी चर्चेला घेतच नाही. आहे. ज्याला हे काम नुसतं मिरवायला हवं असतं, तो तिसऱ्या रात्री झोपायला जातो.

चर्चेला घ्यायचा तो दुसरा आकडा. रोज दीड तास धरला तर तीन आठवड्यांचे साडेएकतीस तास झाले. १,२०० रुपयांना भागलं की ताशी अडतीस रुपये. कागद, शाई, पाटीवाल्याकडच्या फेऱ्या वेगळ्याच. तुझे बाबा जे म्हणतात ते बहुधा या अडतीस रुपयांबद्दल आहे, तुझ्या अक्षरांबद्दल नाही. तेव्हा त्यांच्यावर रुसू नकोस.

आता 'माझ्या अटींवर' याबद्दल. तुझ्या पत्रात हे शब्द आहेत, पण अट एकही लिहिलेली नाही. कुठलं काम घेणार आणि कुठल्याला नाही म्हणणार? बदल किती वेळा करून देणार? आगाऊ किती घेणार, उरलेले कधी? मूळ कागद कुणाकडे राहणार? पुस्तकासाठी काढलेली अक्षरं उद्या प्रकाशकाने मगवर छापली तर? अटी म्हणजे हे सगळं. हे कागदावर उतरलं नसेल तर नोकरी सोडल्यावर तू समोरच्याच्या अटींवर काम करशील, आणि तिथे महिन्याच्या शेवटी पगार जमा झाल्याचा मेसेजही येणार नाही.

मला हे उशिरा कळलं. १९९० च्या दशकात एका मिठाईच्या दुकानासाठी मी नावाची अक्षरं काढली होती. एका पाटीचं काम म्हणून सांगितलं होतं, ठरलेले पैसे दिले, चहा दिला, पेढ्यांचा पुडाही दिला. कागद काहीच नव्हता. दोनेक वर्षांत तीच अक्षरं खोक्यांवर, पिशव्यांवर, टेम्पोवर आणि नंतर उघडलेल्या सगळ्या शाखांवर दिसायला लागली. मी बसमधून जाताना माझंच अक्षर ओळखत होते. आनंद व्हायचा आणि पोटात कालवायचंही. विचारायला गेले तर मालकांनी खरंच आश्चर्याने विचारलं, "पैसे दिले होते ना?" त्यांची लबाडी होती असं मी आजही म्हणणार नाही. काय विकलं आणि काय विकलं नाही हे मी सांगितलंच नव्हतं.

आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे आणि त्यातल्या दोन-तीन गोष्टी अक्षरं काढणाऱ्या प्रत्येकाला पाठ हव्यात. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. स्वतंत्रपणे केलेल्या कामाचा मालक साधारणपणे करणारा. पण पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या पेंटिंगच्या किंवा व्यक्तिचित्राच्या बाबतीत, उलट करार नसेल तर, सांगणारा मालक ठरतो. अक्षरांचं काम यात कुठे बसतं यावर वकील वाद घालू शकतील. तू वादाला जागाच ठेवू नकोस, लिहून घे. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनेच देता येतात. किती काळासाठी हे लिहिलं नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, कुठल्या प्रदेशासाठी हे नसेल तर भारत धरतो. म्हणजे 'फक्त या पुस्तकाच्या मराठी आवृत्त्यांसाठी, मूळ चित्र माझ्याकडे, आत श्रेयनाम' एवढी ओळ मुखपृष्ठाच्या बिलावर हवी. ती लिहिताना तुला अवघडल्यासारखं होईल. पहिल्या तीन वेळा होतं. चांगल्या प्रकाशकांना अशी ओळ बघायची सवय असते. आणि एखादा त्यावरून चिडला, तर पुढचे चार बदल तो कसे सांगणार होता हे तुला आधीच कळलं.

चार बदलांवरून आठवलं. तुझ्या कागदावर 'दोन वेळा बदल किमतीत धरलेले, तिसऱ्यापासून वेगळे पैसे' असं लिही. मजा बघ, बदल आपोआप दोनात आटपतात. माणसं विचार करून सांगायला लागतात.

आता नवऱ्याने मागितलेला हिशोब. तुझ्या पत्रातलं सगळ्यात प्रेमाचं वाक्य मला तेच वाटलं. नुसतं "कर" म्हणणारा माणूस सहा महिन्यांनी हप्त्याच्या दिवशी गप्प होतो. याने आधीच वही उघडली आहे, तूही तिच्याजवळ बस.

तुझे नेमके आकडे मला माहीत नाहीत, म्हणून एक नमुना मांडते, तू आपले घाल. समज, घरखर्चात आणि हप्त्यात तुझा वाटा महिना ४८,००० आहे. कामाचा खर्च, म्हणजे कागद, छपाई, सॉफ्टवेअर, प्रवास, ७,०००. विमा आणि म्हातारपणासाठी बाजूला टाकायचे ११,०००. झाले ६६,०००. आता दिवस मोज. महिन्यात कामाचे बावीस दिवस मिळाले तरी त्यातले निम्मेच अक्षरं काढण्यात जातात. उरलेले फोन, भेटी, बिलं, तगादे आणि सरावात जातात, हे मी वर्षानुवर्षांच्या अनुभवाने सांगते. मग अकरा दिवसांत ६६,०००, म्हणजे दिवसाला ६,०००. मुखपृष्ठाला तीन दिवस लागत असतील तर त्याची किंमत १८,००० झाली. तू २,५०० घेतलेस.

लगेच घाबरू नकोस, आणि 'मराठी पुस्तकाला एवढे कोण देतं' असं म्हणून वही मिटूही नकोस. बरेच प्रकाशक देत नाहीत, खरं आहे. हजारभर प्रतींची आवृत्ती निघते तिथे मुखपृष्ठाला किती काढणार? याचा अर्थ एवढाच, की निव्वळ मुखपृष्ठांवर तुझं घर चालणार नाही, आणि ते तुला आज कळलं तर बरं. मुखपृष्ठं कर, मन लावून कर, त्यांनीच नाव होतं. त्यांच्या शेजारी जास्त पैसे देणारं काम मात्र हवं. कंपन्यांची मराठी बोधचिन्हं, वेष्टनांवरची अक्षरं, मालिका-नाटकांची शीर्षकं, कार्यशाळा. आणि ज्याचा तू पत्रात उल्लेखही केला नाहीस, ते फॉन्टचं काम.

यावर जरा थांबते, कारण मला वाटतं तुझं दार इथे आहे.

तू नऊ वर्षं टेस्टिंग केलंस आणि ती वाया गेली अशा सुरात पत्र लिहिलंस. आता बघ. देवनागरी फॉन्ट म्हणजे अ ते ज्ञ काढून झाले असं नसतं. जोडाक्षरं, रफार, वेलांटीच्या वेगवेगळ्या लांब्या, अनुस्वाराची प्रत्येक मात्रेबरोबरची जागा असे काहीशे आकार लागतात. मग ते एकमेकांना धडकतात. 'र्कीं' लिहिलं की रफार, वेलांटी आणि अनुस्वार एकाच कोपऱ्यात गर्दी करतात. 'सुऱ्या', 'तऱ्हा' यांतला आपला अर्धा र एका सॉफ्टवेअरमध्ये नीट दिसतो, दुसऱ्यात मोडतो. मराठीचा ल आणि श हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचे. फॉन्टमध्ये मराठीसाठी वेगळी सोय केलेली असेल आणि मजकुराची भाषा मराठी आहे हे संगणकाला सांगितलेलं असेल, तरच ते आपल्या वळणाने उमटतात. हे सगळं कुणीतरी ओळीने, चिकाटीने, शब्दांच्या याद्या करून तपासावं लागतं. असं तपासणारं आणि शिवाय ळ च्या वाटीतली पांढरी जागा ओळखणारं माणूस किती सापडेल? तू नऊ वर्षं पगार घेऊन अर्धं शिक्षण केलं आहेस. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट स्टुडिओने केलेले मुक्त, बलू यांसारखे फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर मोफत आणि खुल्या परवान्याने मिळतात. उतरवून घे आणि महिनाभर मोडून बघ. कुठे मात्रा धडकते ते टिपून ठेव. ही वही घेऊन एखाद्या फॉन्ट स्टुडिओच्या दारात उभी राहिलीस, तर तुला 'कॅलिग्राफी करणारी आणखी एक' म्हणून कुणी बघणार नाही.

र. कृ. जोशींचं उदाहरण देते. जाहिरात क्षेत्रात नाव कमावलेला माणूस, मग आयआयटी मुंबईत आयडीसी या डिझाइनच्या विभागात शिकवायला गेला आणि पुढे संगणकावरच्या भारतीय लिप्यांच्या कामाला भिडला. विंडोज संगणकावर वर्षानुवर्षं आपण ज्या 'मंगल' फॉन्टमध्ये मराठी वाचत आलो, तो त्यांचा. बोरूपासून संगणकापर्यंतची त्यांची वाट सरळ नव्हती, पण अक्षराचं बोट त्यांनी कधी सोडलं नाही.

आणि वसंत सरवटे. 'ललित'च्या दिवाळी अंकांवरची त्यांची मुखपृष्ठं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांच्या मनात ते चित्रकारच आहेत. पण ते स्थापत्य अभियंता होते आणि ए.सी.सी. कंपनीत नोकरी करत होते. दिवसा सिमेंट, बाकीच्या वेळात रेषा. त्यांच्या रेषेत कधी तडजोड दिसली का? मला दिसली नाही. भाडं रेषेतून निघायचं नसेल तर नको त्या कामाला नाही म्हणायला धीर लागत नाही, एवढं मी नक्की सांगू शकते. नोकरी असलेला माणूस कलेत अर्धा, असं कुणी तुझ्यापुढे म्हणालं तर सरवट्यांचं एक चित्र दाखव. दुसऱ्या टोकाला दीनानाथ दलाल. त्यांनी १९४५ मध्ये स्वतःचाच 'दीपावली' अंक सुरू केला, म्हणजे चित्र काढणाराच अंकाचा धनी झाला. तोही रस्ता आहे, पण त्यात छपाई, जाहिराती, विक्री सगळं अंगावर येतं. तुझ्या पत्रात मला त्याची हौस दिसली नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत: गुढीपाडव्याला राजीनामा देऊ नकोस. मुहूर्त चांगला आहे, पण तारीख ठरवली की माणूस तारखेकडे बघतो, गल्ल्याकडे बघत नाही. त्याऐवजी आकडा ठरव. तुझ्या वाट्याचा बारा महिन्यांचा खर्च, वरच्या नमुन्याप्रमाणे ५,७६,००० रुपये, वेगळ्या ठेवीत. ओळीने सहा महिने अक्षरांच्या कामातून ६६,०००च्या निम्मे तरी आलेले, आणि तेही एकाच गिऱ्हाइकाकडून नाही. हे दोन्ही जमलं त्या महिन्यात राजीनामा दे, मग तो पितृपक्ष असला तरी चालेल. आणि जमेपर्यंत कंपनीत अर्धवेळ किंवा आठवड्यातून चार दिवस काम मिळतं का, ते विचार. नकार आला तर विचारण्याचे पैसे पडत नाहीत.

त्याआधी कपाटातून नेमणूकपत्र काढून वाच. बऱ्याच आयटी कंपन्यांच्या करारात बाहेरच्या कामाला बंदी किंवा लेखी परवानगीची अट असते, आणि नोकरीच्या काळात तयार केलेल्या गोष्टींच्या मालकीबद्दलही कलम असतं. तू कामं घेतेच आहेस, तेव्हा परवानगीचा मेल आजच टाक. चोरून केलेलं काम मोठं होऊ शकत नाही. त्यावर नाव घालायला सुद्धा माणूस बिचकतो.

पीएफचं पासबुकही उघड. तुझ्या खात्यात पेन्शन योजनेचा रकाना भरत असेल, तर दहा वर्षांची सेवा झाल्यावर पेन्शनचा हक्क मिळतो, आणि तू नऊवर आहेस. तिथे वर्षभर थांबण्याचं मोल आहे. रकाना रिकामा असेल तर तो विचार सोडून दे. कंपनीचा गटविमा नोकरीबरोबर जातो, म्हणून स्वतःचा आरोग्यविमा आधीच काढ. आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, ती वर्षं नोकरीतच मोजून होऊ देत.

कराचं थोडक्यात सांगते, बाकी एखाद्या सीएला एकदा पैसे देऊन विचार. सेवांची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तोवर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. कंपन्या बहुतेक दहा टक्के टीडीएस कापून पैसे देतात, तो विवरणपत्रात वळता होतो. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, मात्र जरूर कर. सरकारी संकेतस्थळावर ती फुकट होते, एजंटला पैसे देऊ नकोस. २००६ च्या कायद्याप्रमाणे नोंदलेल्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे काम करवून घेणाऱ्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक दिसला की हिशेबखात्यातली माणसं बिल वरच्या थप्पीत ठेवतात, हा माझा अनुभव आहे.

आता सासूबाईंची शांतता. त्या काय विचार करत असतील ते मला ठाऊक नाही, तुलाही नाही. विचार त्यांना. मी मात्र तुला दुसऱ्याच एका गोष्टीसाठी सावध करते, आणि ती नोकरी सोडलेल्या प्रत्येक बाईला भेटते. बाई घरून काम करायला लागली की घराला वाटतं, ती घरी आहे. गॅसवाला आला, तू आहेस. पाहुणे आले, तू आहेस. शाळेने लवकर सोडलं, तू आहेसच. कुणी दुष्टपणाने करत नाही. हिंजवडीला जाणारी बाई 'कामाला गेली' असते, आतल्या खोलीत कागदावर वाकलेली बाई 'काहीतरी काढत बसलेली' असते. माझ्या पहिल्या दोन वर्षांतल्या दुपारी अशाच गेल्या आणि मग मी रात्री जागून कामं पुरी करायची. पाठ धरली ती अजून सुटलेली नाही.

म्हणून हे राजीनाम्याआधी ठरव, सगळ्यांसमोर बसून. दहा ते चार दार बंद. मुलीला शाळेतून कोण आणणार, दुपारी तिच्याजवळ कोण, याचं उत्तर आजच्यासारखंच राहील, ते आपोआप तुझ्याकडे सरकणार नाही. सासूबाई आज तिला सांभाळत असतील तर त्यांना सांग, "आई, मी घरी दिसले तरी कामावर आहे असं धरा." आणि तूही दहाला साडी-ड्रेस जे नेहमीचं असेल ते नेसून-घालून बस. गाऊनवर बसलेल्या सुनेला सोसायटीतलं कुणीही हाक मारतं.

अजून एक, इन्स्टाग्रामचं. अकरा हजार लोक बघतात हे छान आहे, पण तिथे तू काय लावतेस? लग्नपत्रिका लावल्यास, तर लग्नपत्रिकाच मागायला येतील. जे काम हवं ते आधी कुणी न सांगता करून दाखवावं लागतं. एखाद्या रविवारी सकाळी पेठांतून हिंड. हाताने रंगवलेल्या जुन्या पाट्या अजून काही उरल्या आहेत, फोटो काढ, त्यांतली वळणं घेऊन आपल्या पद्धतीने अक्षरं काढ. दहा झाली की छापून घे आणि अप्पा बळवंत चौकातल्या प्रकाशकांना प्रत्यक्ष दाखव. मे संपायच्या आत दिवाळी अंकवाल्यांना भेट, पावसाळा लागला की त्यांची कामं वाटून झालेली असतात. कुळकर्णी आजोबांच्या पाटीचा फोटो यात पहिला हवा. तो तू लावला आहेस का?

आणि आवड मरते का, याचं खरं उत्तर देते. थोडी मरते. मंगळवारी संध्याकाळपर्यंत द्यायचं आहे म्हणून काढलेलं अक्षर आणि रात्री मुलगी झोपल्यावर काढलेलं अक्षर, दोन्हींची चव सारखी लागत नाही. काही कामांनी मला अक्षरश: रडवलं आहे. पण मुदत आणि मागणी यांनीच मला अशी वळणंही काढायला लावली, जी मी आपणहून कधी काढली नसती. मला एक गोष्ट उपयोगी पडली. रोज पहाटे अर्धा तास मी कित्ता काढते. बाराखडी, बोरूने, स्वस्तातल्या कागदावर. ते कुणाला दाखवत नाही, विकत नाही, फोटो काढत नाही. घरातल्यांना माहीत आहे की त्या अर्ध्या तासात फोन वाजला तरी मी उठत नाही. धंदा फार मंदावला होता त्या वर्षीही तो अर्धा तास तसाच होता, आणि कामाची झुंबड असते तेव्हाही तो तसाच असतो. तुझ्यासाठी तो ळ असेल.

त्या तीन आठवड्यांतले कागद ठेवले आहेस का? फेकले नसशील, अशी आशा आहे. तारखा घालून एका फाइलमध्ये लाव. पहिल्या रात्रीचा आणि शेवटच्या रात्रीचा ळ शेजारी ठेवून बाबांना दाखव, बरोबर वरची हिशोबाची वहीही ठेव. आणि जमलं तर त्यांतला मधला एखादा, दहाव्या-अकराव्या रात्रीचा, मला या सदराच्या पत्त्यावर पाठव. वाटी कुठे उघडायला लागली ते मला बघायचं आहे.